धुळीला विचारा, कामिला कुठं गेली

'आस्क द डस्ट' हे नाव मराठीत कसं आणावं, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. 'धुळीला विचारा' हे सरळ भाषांतर झालं. पण आमच्या घरात धुळीसाठी आणखी एक शब्द आहे, खाक. उर्दूत खाक म्हणजे माती, धूळ. मराठीत येताना हा शब्द वाटेत जळाला, आणि आता आपण तो 'जळून खाक' एवढ्यापुरताच वापरतो. या कादंबरीला दोन्ही अर्थ लागू पडतात. असो. शब्दांच्या मागं लागलो तर कवीला वेळ पुरत नाही, आणि रेडिओवर तर मिनिटं मोजूनच मिळतात.

जॉन फँटे या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरचा त्याच नावाचा चित्रपट आला २००६ साली. मधली वर्षं सदुसष्ट. पडद्यावर येईपर्यंत कादंबरीतल्या एका बाईचं काय झालं, ते मला आज सांगायचं आहे. ही बाई म्हणजे कामिला लोपेझ. लॉस एंजेलिसमधल्या एका दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकांना बिअर आणि कॉफी देणारी मेक्सिकन मुलगी.

आधी लेखकाबद्दल थोडं. फँटे १९०९ साली कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर इथं जन्मला. बाप इटलीच्या आब्रुत्सी भागातून आलेला गवंडी. विटा रचणारा, दारू पिणारा, हातात पैसा न टिकणारा. मुलानं कॉलेज अर्धवट सोडलं आणि लेखक व्हायला लॉस एंजेलिस गाठलं. काळ जागतिक मंदीचा. बंकर हिल नावाची एक टेकडी शहराच्या मधोमध होती. कधीकाळी तिथं श्रीमंतांचे लाकडी वाडे होते. श्रीमंत दुसरीकडे गेल्यावर त्या वाड्यांच्या खोल्या झाल्या आणि आठवड्याच्या भाड्यानं जाऊ लागल्या. म्हातारे पेन्शनर, बेकार, आजारी, नशीब काढायला आलेले, असे सगळे तिथं. अशाच एका खोलीत फँटेचा नायक आर्तुरो बंदिनी राहतो. वय वीस, एक कथा छापून आलेली, आणि तेवढ्या भांडवलावर जगातला थोर लेखक असल्याची खात्री. खायला रोज संत्री, कारण जपानी भाजीवाल्याकडे तीच स्वस्त मिळतात.

एका रात्री भूक अनावर होऊन तो दूधवाल्याच्या गाडीतून दोन बाटल्या चोरतो. खोलीत येऊन घोट घेतो तर काय, दूध नाही, ताक! त्याला ताकाची शिसारी. आपल्याकडं चोराला ताक मिळालं असतं तर त्यानं मीठ-जिरं शोधलं असतं. पण हा प्रसंग वाचताना हसू येतं आणि लगेच पोटात खड्डाही पडतो. फँटेचं लिहिणं सगळं असंच आहे.

आता त्या टेकडीवरच्या हॉटेलात खोली मागतानाचा प्रसंग पाहा. मालकीणबाई त्याचा चेहरा पाहून विचारतात, तू मेक्सिकन आहेस का? आमच्याकडे मेक्सिकनांना ठेवत नाहीत. ज्यूंनाही नाही. तो म्हणतो, मी अमेरिकन आहे, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावचा. बाई ठामपणे सांगतात, बोल्डर कोलोरॅडोत नाहीच, ते नेब्रास्कात आहे! आपलं गाव कुठल्या राज्यात आहे हे त्या मुलाला कळत नाही, बाईंना कळतं.

मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की एखादे सद्गृहस्थ हात हातात घेऊन म्हणतात, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' त्यांच्या मनात काही वाकडं नसतं, हे मला माहीत आहे. चहाही तेच पाजतात. पण माझ्याआधी कविता वाचलेल्या कुलकर्ण्यांना ते हे वाक्य म्हणालेले नसतात. नेब्रास्काच्या त्या मालकीणबाई मला म्हणूनच फार ओळखीच्या वाटल्या.

कादंबरीचं बळ मात्र पुढे आहे. ज्याला असं विचारलं गेलं, तो आर्तुरो त्या गुत्त्यात जातो. त्याचं नाव कोलंबिया बुफे. खिशात एक नाणं. कॉफी पांचट निघते, आणि ती आणून देणाऱ्या कामिलाचा त्याला राग येतो. तिच्या पायांत मेक्सिकन पद्धतीच्या वाद्यांच्या चपला आहेत, हुआराचे म्हणतात त्यांना, झिजलेल्या. तो त्या चपलांवरून तिला टोचून बोलतो. तिला आवडतो म्हणूनही आणि ती मेक्सिकन आहे म्हणूनही. भांडण वाढतं तेव्हा तो तिला 'ग्रीझर' म्हणतो. मेक्सिकनांसाठी असलेली ही शिवी, तेलकट, मळकट असा काहीसा तिचा अर्थ. ती गप्प होते. तो ताठ मानेनं रस्त्यावर येतो, आपण अमेरिकन असल्याच्या आनंदात, जणू वाळवंटात हे शहर आपल्याच बापजाद्यांनी उभं केलं.

आणि मग खोलीत एकटा असताना त्याला आपलं लहानपण आठवतं. कोलोरॅडोत स्मिथ, पार्कर, जोन्स अशा आडनावांच्या मुलांनी आपल्याला 'वॉप' म्हटलं, 'डेगो' म्हटलं, आणि 'ग्रीझर'सुद्धा म्हटलं. तीच शिवी. आपल्याला लागलेला दगड आपण उचलून ठेवला आणि आपल्याहून कमजोर माणूस दिसताच मारला, हे त्याला कळतं. फँटे इथं पाल्हाळ लावत नाही. दोन-तीन पानांत सगळं संपतं. अमेरिकेत स्थलांतरितांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण छळलेला माणूसच छळ पुढं कसा पोचवतो, हे इतकं उघडं करून दाखवणारी पानं मी थोडी वाचली आहेत. आमच्या मोहल्ल्यातही मी हे पाहतो. उत्तरेकडून आलेल्या प्लास्टरवाल्या पोरांना आमचीच माणसं ज्या सुरात हाक मारतात, तो सूर आम्ही कुठून शिकलो, हे सांगायला नको.

कामिलाही साधीभोळी नाही. तिच्याकडं एक जुनी फोर्ड गाडी आहे आणि गाडीच्या कागदावर नाव आहे कामिला लोम्बार्ड. लोपेझचं लोम्बार्ड. नाव बदललं तर कातडी बदलेल, एवढी तिची आशा. आर्तुरो तिच्यावर प्रेम करतो, पण तिचं मन आहे सॅमीवर. सॅमी विगिन्स हा गुत्त्यातला बारवाला, गोरा अमेरिकन, तिला हिडीसफिडीस करणारा. त्याला क्षय झालेला आहे. कोरड्या हवेसाठी तो मोहावे वाळवंटाच्या कडेला एका खोपटात जाऊन राहतो. क्षयाचे रोगी हवापालटासाठी दक्षिण कॅलिफोर्नियात येण्याची तेव्हा रीतच होती. म्हणजे हा प्रेमाचा त्रिकोण नव्हे, जिना आहे. प्रत्येक जण आपल्या वरच्या पायरीवरच्याकडं बघतोय.

हा जिना फँटेच्या कल्पनेतला नव्हता. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानं इटलीहून वर्षाला येऊ द्यायच्या माणसांची मर्यादा चार हजारांच्या आत आणली होती. त्याआधी काही वर्षी तिथून दोन-दोन लाख लोक येत. हे लोक आपल्यात मुरणार नाहीत, असं कायदा करणाऱ्यांचं म्हणणं. मेक्सिकोवर अशी मर्यादा नव्हती, कारण शेतमळ्यांना आणि रेल्वेला मजूर हवे होते. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा एक वेगळा वंश म्हणून नोंदवला गेला. पुढच्या, १९४० च्या जनगणनेत तो रकाना काढून टाकला. दहा वर्षांपुरता वंश! आपल्याकडेही शिरगणतीच्या रकान्यांनी काय काय केलं ते जाणकारांना ठाऊक आहे.

याच काळात याच राज्यात आपल्या पंजाबातून गेलेले शेतकरीही होते, बहुतेक शीख, थोडे मुसलमान आणि हिंदू. १९१७ च्या कायद्यानं त्यांना गावाकडून बायका आणणं अशक्य केलं. गोऱ्या मुलीशी लग्न लावायला कारकून तयार होत नसे, कारण कॅलिफोर्नियात आंतरवंशीय लग्नांवर बंदी होती. ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली उठवली. तेव्हा या शेतकऱ्यांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. कातडीचा रंग जुळतो म्हणून कारकून मुकाट्यानं कागद देत. त्या संसारांवर कुणीतरी मोठी कादंबरी लिहायला हवी.

मग मंदी आली आणि मजूर नकोसे झाले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसच्या जुन्या चौकाला, ला प्लासिता म्हणतात त्याला, सरकारी माणसांनी वेढा घातला. सुमारे चारशे माणसं आत अडकली. प्रत्येकाला कागदपत्रं दाखवायला लावली. अटक थोड्यांनाच झाली, पण ती भीती घालण्याची मोहीम होती आणि तिनं आपलं काम केलं. पुढच्या महिन्यापासून काउंटीच्या खर्चानं मेक्सिकोकडे गाड्या सुटू लागल्या. मदत देण्यापेक्षा तिकीट काढून देणं स्वस्त, असा हिशेब. देशभरातून त्या दशकात किती मेक्सिकन वंशाचे लोक असे गेले किंवा घालवले गेले, याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. त्यांत अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्यानं पक्के अमेरिकन नागरिक असलेले, फार मोठ्या संख्येनं होते. हा चौक बंकर हिलपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

फँटेच्या कादंबरीत या गाड्यांचा उल्लेख नाही. पण कादंबरीचा शेवट ऐका. कामिला गांजाच्या नादी लागते, तिच्या मनाचा तोल जातो, ती वेड्यांच्या इस्पितळात जाते, तिथून निसटते. आर्तुरो तिच्यासाठी लगूना इथं समुद्रकाठी घर घेतो, तिला कुत्र्याचं एक पिल्लू आणून देतो. तो शहरातून सामान घेऊन परत येईतो ती नाहीशी झालेली. तो शोधत शोधत वाळवंटातल्या सॅमीच्या खोपटापर्यंत जातो. सॅमी सांगतो, मी हाकलून दिलं तिला, त्या बाजूला गेली. त्या बाजूला मैलोन्मैल वाळू. आर्तुरोची कादंबरी नुकतीच छापून आलेली असते. तो तिच्या एका प्रतीवर कामिलाचं नाव घालून सही करतो आणि ती गेली त्या दिशेला, वाळवंटात, अंगातल्या सगळ्या जोरानिशी फेकून देतो. मग गाडीत बसून शहराकडं परततो. संपलं. प्रेत नाही, कबर नाही, अंत्ययात्रा नाही. विचारायचं असेल तर धुळीला विचारा.

बाई अशी पुसली जाते, आणि तिला कुणी शोधत नाही. त्या शहरात त्या दशकात हे हजारोंच्या बाबतीत घडत होतं. फँटेच्या मनात हे जोडलेलं होतं की नव्हतं, यावर वाद घालता येईल. मी मात्र तो शेवट १९३१ चा तो चौक बाजूला ठेवून वाचू शकत नाही.

पुस्तकाचं पुढं काय झालं, तीही अजब कहाणी आहे. प्रकाशक होते स्टॅकपोल सन्स. त्यांनी त्याच १९३९ साली हिटलरच्या 'माइन काम्फ'ची परवानगीवाचून आवृत्ती काढली. हक्क असलेल्या दुसऱ्या प्रकाशकानं खटला भरला. स्टॅकपोलचा युक्तिवाद असा, की १९२५ साली पुस्तक निघालं तेव्हा हिटलर कुठल्याच देशाचा नागरिक नव्हता, तेव्हा त्याला अमेरिकेत लेखनहक्क कसला? न्यायालयानं हा मुद्दा फेटाळला: देश नसलेल्या माणसालाही त्याच्या पुस्तकावर हक्क असतो. कायदा म्हणून निकाल योग्यच. पण प्रकाशकाचा पैसा खटल्यात गेला आणि फँटेच्या कादंबरीची जाहिरात करायला काही उरलं नाही, असं सांगितलं जातं. गवंड्याच्या मुलाचं पुस्तक बुडालं ते असं.

पोटासाठी फँटे हॉलिवूडमध्ये पटकथा लिहीत राहिला. पुढं मधुमेहानं त्याची दृष्टी गेली, पाय कापावे लागले. शेवटची कादंबरी त्यानं बायकोला तोंडी सांगून लिहवून घेतली. दरम्यान चार्ल्स ब्युकोवस्की या कवीनं तरुणपणी शहराच्या सार्वजनिक वाचनालयात 'आस्क द डस्ट' वाचली होती आणि तो ती विसरला नव्हता. त्याच्या आग्रहानं १९८० साली ती पुन्हा छापली गेली. फँटे १९८३ साली गेला. पुस्तक परत आलेलं त्याला कळलं, एवढं तरी झालं. वाचनालयाच्या कपाटात पडून राहिलेलं पुस्तक एका उपाशी कवीच्या हाती लागतं आणि तो ते चाळीस वर्षांनी परत वर काढतो, हे ऐकून आमच्यासारख्यांना धीर येतो.

रॉबर्ट टाउनला ही कादंबरी याच्या बरीच आधी सापडली. 'चायनाटाऊन' या गाजलेल्या चित्रपटाची पटकथा लिहिताना, म्हणजे १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तो तीसच्या दशकातल्या लॉस एंजेलिसची माणसं खरोखर कशी बोलत ते धुंडाळत होता. तो फँटेला जाऊन भेटला. 'चायनाटाऊन'च्या पटकथेला ऑस्कर मिळालं, पण 'आस्क द डस्ट'साठी पैसा मिळायला तीस वर्षं गेली. मिळाला तेव्हा शहर उरलं नव्हतं. बंकर हिलवरची वस्ती पुनर्विकासाच्या योजनेत १९६० नंतर जमीनदोस्त झाली. हजारो भाडेकरू उठवले गेले, टेकडीचा माथासुद्धा तासून खाली आणला. तिथं आता काचेच्या इमारती आहेत. म्हणून टाउननं दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळ एका मैदानावर बंकर हिल उभी केली. स्थलांतरितांच्या कहाणीतलं शहरच स्थलांतरित झालं म्हणा ना.

चित्रपट देखणा आहे. कॅलेब डेशानेलच्या कॅमेऱ्यानं पकडलेलं ते धुळकट सोनेरी ऊन मनात राहतं. कॉलिन फॅरेल आर्तुरो आहे, सल्मा हायेक कामिला. हायेक स्वतः मेक्सिकोची, आणि कॉफीच्या प्रसंगात तिच्या डोळ्यांतला अपमान अभिनयाच्या पलीकडचा वाटतो. शेजारच्या खोलीतला कर्जबाजारी म्हातारा डोनाल्ड सदरलँडनं केला आहे. शिव्यांची देवाणघेवाण टाउननं गाळली नाही, ती सौम्यही केली नाही. धंदा मात्र झाला नाही.

पण टाउननं दोन गोष्टी बदलल्या. एक, त्यानं आर्तुरो आणि कामिलाला खरोखरचे प्रेमिक केलं. ते समुद्रकाठच्या घरात एकत्र राहतात, तो तिला इंग्रजी वाचायला शिकवतो. प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो, त्याला पहिल्या भांडणापासून मीलनाची वाट बघायची सवय असते. हे मी समजू शकतो. माझी तक्रार दुसऱ्या बदलाबद्दल आहे. चित्रपटात क्षय कामिलाला होतो, आणि ती त्यानंच मरते.

आपण हिंदी चित्रपट पाहून वाढलेली माणसं. नायिका खोकली की रुमालावर रक्ताचा ठिपका दिसणार, हे आपल्याला पाठ आहे. युरोपातही ही परंपरा जुनी. अलेक्झांडर ड्युमाच्या कॅमेलिया फुलांच्या नायिकेपासून ती चालत आली, आणि १९३६ साली ग्रेटा गार्बोनं ती पडद्यावर अजरामर केली. त्या चित्रपटाचं नाव 'कमिल'. नावाच्या या सारखेपणानं टाउनला मोह पडला असेल का, कोण जाणे. ते काहीही असो, ओळखीचं मरण दिलं की प्रेक्षक ओळखीचे अश्रू ढाळतो आणि मोकळा होऊन घरी जातो.

पण लॉस एंजेलिसमध्ये रोग आणि मेक्सिकन माणूस यांना एकत्र बांधण्याचा एक निराळा इतिहास आहे. १९२४ साली त्या शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. सुमारे तीस माणसं दगावली, बहुतेक मेक्सिकन. त्यांच्या वस्तीला दोरखंड लावून पहारा बसवला गेला, घरं पाडली गेली. त्यानंतर मेक्सिकन म्हणजे रोगाचं घर हा समज आणखी पक्का झाला आणि त्यांना घालवण्याच्या मागणीत तो वापरला गेला. १८९७ च्या पुण्याची आठवण असलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. फँटेनं जाणूनबुजून असो वा नसो, क्षय ठेवला होता गोऱ्या सॅमीच्या छातीत. टाउननं तो उचलून कामिलाच्या छातीत घातला. मन तिच्या बाजूनं असताना घातला, हे खरं. तरीही घातला.

फँटेलाही मी निर्दोष म्हणणार नाही. कामिलाच्या हाती गांजा देणारा तोच. गांजा म्हणजे मेक्सिकनांचं व्यसन, अशी ओरड त्या काळात जोरात होती आणि १९३७ साली त्याविरुद्ध केंद्रीय कायदाही झाला. मुलगी वेडी होणं हाही त्या काळच्या पुरुष लेखकांचा आवडता उपाय. पण त्यानं एक केलं. तिला आर्तुरोची होऊ दिलं नाही आणि तिचं मरण वाचकाच्या हातात दिलं नाही. पुस्तक मिटलं तरी ती कुठं आहे हा प्रश्न मिटत नाही. मी इंग्रजी कादंबऱ्या शब्दकोश उशाशी ठेवून वाचणारा साधा बी.ए. माणूस, पण या प्रश्नासाठी शब्दकोश लागला नाही.

चित्रपट अमेरिकेत मार्च २००६ मध्ये लागला. त्याच वर्षी १ जानेवारीपासून कॅलिफोर्नियाचा एक कायदा अमलात आला होता. तीसच्या दशकात मेक्सिकन वंशाच्या लोकांना घालवून दिल्याबद्दल राज्यानं त्यात माफी मागितली आहे. योगायोगच तो.

सॅमीचं खोपट, ती जुनी फोर्ड, कोलंबिया बुफे, सगळं कादंबरीतच राहिलं. सदरलँड आणि टाउन दोघंही २०२४ च्या उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतरानं गेले. बंकर हिलवरून उतरणारी एंजल्स फ्लाइट नावाची दोन डब्यांची छोटी रेल्वे १९६९ साली मोडून ठेवली होती. ती १९९६ मध्ये थोडी बाजूला सरकवून पुन्हा सुरू केली, आणि मधले अपघात, बंद पडणं सोसून २०१७ पासून पुन्हा धावू लागली. शहरानं २०१० साली, वाचनालयाला लागून असलेल्या फिफ्थ आणि ग्रँड या रस्त्यांच्या चौकाला फँटेचं नाव दिलं. तिथून उतारानं निघालं की थोड्याच वेळात स्प्रिंग स्ट्रीट लागतो. कामिला कॉफी द्यायची तो गुत्ता फँटेनं याच रस्त्यावर ठेवला आहे. आणि तसंच उत्तरेकडं चालत राहिलं, तर मैलभरात तो १९३१ चा चौक येतो.